एका अंजिराचे आयातदार

उपेंद्र गायधनींनी उभ्या आयुष्यात परदेशातून एकच वस्तू मागवली. ती म्हणजे अंजिराचं एक झाड, आणि तेही नियमानं. नियमानं मागवलं हीच चूक झाली, असं इंदिरानगरातल्या त्यांच्या रो-हाऊसच्या गल्लीत अजूनही बोललं जातं. समोरच्या घरातले रावजी मूळचे दिंडोरीचे, द्राक्षबागाईतदार, मुलांच्या शाळेसाठी नाशकात बिऱ्हाड केलेले. ते तर तेव्हाच म्हणाले होते, "काका, एक काडी कपड्यात गुंडाळायची, बॅगेत टाकायची, निघायचं. कोन बघतं? आमच्या एका पाव्हण्यानं बुटात घालून आणल्या. लय भारी बाग हाय आज."

पण काका म्हणजे पाटबंधारे खात्याच्या आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढलेला माणूस. स्वतःच्या लग्नाची रजा त्यांनी स्वतःच एक दिवसानं कापली होती, कारण अर्ज शाखेत एक दिवस उशिरा पोचला होता. असा माणूस बुटात काडी घालून आणेल हे शक्यच नव्हतं.

झाड त्यांच्या मुलाचं होतं. आल्हाद लिस्बनला नोकरीला होता, भाड्याच्या घराच्या गच्चीत त्यानं कुंडीत अंजीर लावलं होतं, आणि एका ऑगस्टात सकाळी सायकलवरून कामाला जाताना तो गेला. याहून जास्त त्या घरात कुणी बोलत नाही, तेव्हा आपणही नको बोलायला. अस्थी विमानानं आल्या. अख्खा देश अस्थी घेऊन नाशिकला येतो, गायधनींना तर रामकुंड रिक्षानं वीस मिनिटं. अस्थींना तीन दाखले लागले, पण विलगीकरणाचं कुणी विचारलं नाही. झाडाचं तसं नव्हतं. झाड जिवंत होतं.

सून इरा हिनं दिवाळीच्या आसपास फोन केला, की बाबा, मी हे घर सोडतेय, कुंडीचं काय करू? उपेंद्र "बघू, कळवतो" म्हणणार होते. त्यांच्या पत्नी शैलाताई दोन महिने जेवणाच्या ताटावरसुद्धा हो-नाही एवढंच बोलत होत्या. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अहो, तेवढं एक आणा. दारात, मातीत लावू." बस. त्यानंतर या कामात उपेंद्रांना दुसरा विचार नव्हता. झाड आणायचं, आणि तिच्या हातानं दारातल्या मातीत लावायचं.

आता बघा. आयात परवान्याच्या अर्जात एक रकाना असतो, आयातीचा उद्देश. त्यात निवडायला चार गोष्टी होत्या, व्यापारी लागवड, संशोधन, प्रदर्शन आणि इतर. उपेंद्रांनी 'इतर' निवडलं, तर खाली आणखी एक चौकट उघडली. 'इतर असल्यास पन्नास अक्षरांत तपशील द्या.' पाटबंधारे खात्यात त्यांनी दीड-दीड पानांची टिपणं एका दमात लिहिली होती. त्या चौकटीसमोर ते दुपारी दोन ते सहा बसले. शेवटी त्यांनी लिहिलं, 'घरगुती'. आणि तिथून पुढं सगळ्या कागदांवर ते 'आयातदार' झाले. आयातदार श्री. गायधनी. निवृत्तीनंतर एवढं वजनदार पद मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस ते त्यांना जरा आवडलंही.

मग अटी आल्या. परदेशी माती आत येऊ देत नाहीत, तेव्हा मुळं स्वच्छ धुवून पाठवा. इरानं नळाखाली मुळं धुतली. आल्हादनं भरलेली माती तिकडच्या मोरीतून गेली, हे तिनं फोनवर सांगितलं. पुढची अट अशी, की झाड आलं तरी एक वर्ष अंगणात लावायचं नाही. बारीक जाळीच्या बंदिस्त खोलीत, दोन दारांच्या आत, एकटं ठेवायचं. सरकारी तज्ज्ञ येऊन बघणार, आणि कसलाही रोग नाही असं लिहून दिल्यावरच ते बाहेर.

जाळीची खोली बांधायला सनी नावाचा पॉलिहाऊसवाला आला. तो एकरांत काम करणारा. सहा बाय आठ फूट हे माप ऐकून तो म्हणाला, "काका, एवढ्यात तर माझा माणूस पण मावत नाय, सामान कुठं ठेवू?" तरी त्यानं बांधून दिली. फाटकाच्या आत, पायवाटेला चिकटून, कारण दुसरी जागाच नव्हती. दाराशी पाय बुडवायला औषधाच्या पाण्याचं घमेलं, आत जाणाऱ्याची नोंद करायला रजिस्टर, आणि वर फलक.

आजूबाजूला अंजिराचं दुसरं झाड नाही, असंही लिहून द्यायचं होतं. तेव्हा उपेंद्र वही घेऊन चौऱ्याऐंशी घरं फिरले. "तुमच्याकडे अंजीर आहे का?" एवढंच विचारायचे. अकरा घरांतून त्यांना दिवाळीत आलेल्या खोक्यातली सुकी अंजिरं मिळाली. "अशक्तपणाला चांगली असतात हो," असं म्हणत एका आजींनी मूठभर खिशात कोंबली. मुलगा गेल्यापासून माणूस जरा असा झालाय, असं त्या मागून सुनेला म्हणाल्या, आणि ते उपेंद्रांना फाटक लावताना ऐकू आलं.

फलकावर नियमाप्रमाणे 'क्वारंटाइन, प्रवेश निषिद्ध' असं लाल अक्षरांत लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं पिशवी फाटकाला अडकवून पळ काढला. सोसायटीच्या भजनी मंडळाच्या उज्वलाताईंनी ग्रुपवर टाकलं, की अमुक घरापासून सगळ्यांनी सहा फूट अंतर ठेवावं. उपेंद्रांनी ग्रुपवर चार परिच्छेदांचा खुलासा केला, त्याला दोन अंगठे आले. तसं बघितलं तर फलकाआधीचे सहा महिनेही लोक त्या घरावरून सहा फूट लांबूनच जात होते. काय बोलावं हे कुणालाच कळत नव्हतं. आता निदान कारण तरी लिहिलेलं होतं.

फेब्रुवारीत झाड आलं. हातभर काठी, खाली धुतलेल्या मुळांची जुडी, एक पान नाही. शैलाताई फाटकाशीच उभ्या होत्या. खोकं उघडल्याबरोबर त्यांनी हात पुढं केला, आणि उपेंद्र म्हणाले, "थांब. तुझं नाव यादीत नाही."

इथं उपेंद्रांची बाजू मांडायला हवी, पण ती फारशी मांडता येत नाही. 'अधिकृत व्यक्ती' या रकान्यात दोन नावांची जागा होती. त्यांनी एकच भरलं होतं. दुसऱ्या नावासाठी आणखी एक ओळखपत्र साक्षांकित करावं लागलं असतं, आणि तिला यातली काय माहिती, असा विचार त्यांनी केला होता. शैलाताईंनी हात मागं घेतला. त्या दिवसापासून त्या रोज संध्याकाळी जाळीबाहेर स्टुलावर बसायच्या. आत उपेंद्र पाय बुडवून, सही करून, पानं मोजायचे आणि बाहेर सांगायचे, "सतरा." त्या म्हणायच्या, "बरं." रविवारी इराचा फोन आला, की तिलाही आकडा सांगितला जायचा.

झाड मात्र आडदांड निघालं. पावसाळ्यात ते जाळीच्या छताला टेकलं. ऑक्टोबर लागला तसे रावजी फाटकावर हात टेकून उभे राहिले. "काका, छाटनी घ्या. ऑक्टोबर छाटनी चुकली का संपलं."

"ती द्राक्षाची, रावजी. हे अंजीर आहे."

"ऑक्टोबर सगळ्यांनाच येतो ना?"

नाशकात ऑक्टोबरला कात्री हातात घेतली नाही तर माणसाला आपण आजारी आहोत असं वाटतं. पण उपेंद्रांनी रीतसर तज्ज्ञ बाईंना फोन केला. तेजस्विनी आहेर नाव, सटाण्याकडच्या, तिशीच्या आतल्या, वनस्पतिरोगातल्या डॉक्टर. त्या म्हणाल्या, "छाटा काका, हरकत नाही. पण छाटलेली एकेक काडी जाळायची आणि तशी नोंद करायची. बाहेर काही जायला नको."

उपेंद्रांनी छाटणी केली. वीस काड्या निघाल्या. त्यांनी रजिस्टरमध्ये तारीख घातली, 'छाटणी : काड्या वीस. नष्ट केल्या' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, सही केली, आणि मग काड्या कागदात गुंडाळून शैलाताईंकडे दिल्या. "एवढ्या जाळून टाक." सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाचा हा एक दोष असतो. नोंद झाली की त्याच्या लेखी काम झालेलं असतं.

शैलाताईंनी ती जुडी ओट्यावर ठेवली आणि पाच मिनिटं नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी धुण्याभांड्याच्या भागुबाईंना हाक मारली. भागुबाई पेठकडच्या, बारा वर्षं त्या घरात, आल्हादच्या लग्नात नाचलेल्या. दोघींनी मिळून दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरली आणि वीस काड्या मागच्या गॅलरीत लावल्या. मागच्या गॅलरीत भांडी घासली जातात. तिथं आयातदार तीस वर्षांत गेले नव्हते.

वर्षश्राद्ध ऑगस्टातच होऊन गेलं होतं. संक्रांतीला उज्वलाताई स्वतः येऊन म्हणाल्या, "शैलाताई, आता सण करायला हरकत नाही. हळदीकुंकू करा." शैलाताई लगेच हो म्हणाल्या. उपेंद्रांना इतकं बरं वाटलं, की त्यांनी स्वतः जाऊन तिळगूळ आणला, सतरंजी झटकली आणि त्या दिवशी चार वाजल्यापासून फाटकाशी टेबल-खुर्ची टाकून बसले. कारण पायवाट जाळीच्या खोलीला चिकटून. जवळून जाणाऱ्या प्रत्येकीची नोंद हवी. काठपदराच्या साड्या नेसून आलेल्या एकोणीस बायकांना त्यांनी रजिस्टरमध्ये नाव, घर क्रमांक, वेळ आणि उद्देश लिहायला लावला. एकोणीस जणींनी उद्देशात 'हळदीकुंकू' लिहिलं. उज्वलाताईंनी आधी 'हे काय आता' म्हणून मग लिहिलं. जाताना प्रत्येकीच्या हातात कागदी पिशवीत वाण होतं. यंदा प्लास्टिकचं काही लुटलं नाही, हे बरं केलं, एवढंच उपेंद्रांच्या मनात आलं.

मुदत संपायला एकोणीस दिवस राहिले असताना तेजस्विनी मॅडम तपासणीला आल्या. पाय बुडवून आत गेल्या, एक पान भिंगाखाली धरलं, मग दुसरं, मग सगळीच. पानांवर फिक्कट पिवळे ठिपके होते. उपेंद्रांनी ते आठ दिवसांपूर्वीच पाहिले होते, पण थंडीनं आले असतील असं ठरवून टाकलं होतं.

"काका, विषाणू वाटतोय," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पान तपासायला पाठवते. पण मला वाटतं, तेच आहे. हे बरं होत नाही. डोळ्यांना न दिसणारा कोळी असतो, तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. अंजीर, उंबर, वड, पिंपळ, सगळी एका घरातली. कुणाला लागेल सांगता येत नाही, आणि लागल्यावर कळून उपयोग नसतो. बरं झालं तुम्ही बाहेर काही जाऊ दिलं नाही."

उपेंद्र रजिस्टर उघडून दाखवणार, एवढ्यात फाटकातून उज्वलाताईंचा आवाज आला. त्यांच्या हातात कुंडी होती. "मॅडम, आल्याच आहात तर आमचंही जरा बघा ना. शैलाताईंनी वाणात दिलंय. मस्त फुटलंय, पण असेच पिवळे ठिपके पडलेत."

मॅडमनी उपेंद्रांकडे पाहिलं. उपेंद्रांनी रजिस्टरकडे पाहिलं. रजिस्टरमध्ये 'नष्ट केल्या' असं लिहिलेलं होतं, खाली त्यांचीच सही होती. स्टुलावरून शैलाताई उठल्या. "मी लावल्या," त्या म्हणाल्या. "जाळायला सांगितल्या होत्या यांनी. मला नाही जाळता आल्या."

चौतीस वर्षांत उपेंद्रांच्या नोंदीवर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मॅडमनीही ठेवलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, की कुणाकुणाकडे गेली आहेत, याची काही यादी आहे का? आणि यादी होती, नावासकट, घर क्रमांकासकट, वेळेसकट. अशी चोख यादी आपल्याला सरकारी शेतावरसुद्धा मिळाली नव्हती, असं मॅडम म्हणाल्या. उपेंद्रांच्या आयुष्यातली ही शेवटची शाबासकी असावी.

पिवळ्या पानाचा अहवाल चार दिवसांत आला, तेच होतं. मग दोघं नवराबायको वाण परत मागायला निघाले. संक्रांतीचं, सवाष्णीनं दिलेलं वाण परत मागायची वेळ गोदावरीच्या काठावर याआधी कुणावर आली असेल असं वाटत नाही. एका घरात सासूबाई आडव्या आल्या. "वाण परत नेतात होय? माझ्या सुनेचं काही बरंवाईट झालं म्हणजे?" शैलाताई म्हणाल्या, "काही होणार नाही. जे व्हायचं ते माझ्याच घरात होऊन गेलंय." त्या बाईंनी मुकाट्यानं कुंडी आणून दिली. एकीनं झाड केव्हाच मारलं होतं आणि लाजेपायी तिथं दुसरंच काही लावलं होतं. तिनं आधी तेच आणून दिलं, मग वाळलेली काडी शोधून दिली. चौथ्या घरापासून उपेंद्रांनी बोलणं सोडलं. ते नुसते रजिस्टर धरून उभे राहायचे आणि बाई आत गेली की नावापुढं खूण करायचे.

एकोणीस खुणा झाल्या. घरी येऊन त्यांनी विचारलं, "एकोणीसच ना?"

"रजिस्टर बघा," शैलाताई म्हणाल्या.

त्यांनी रजिस्टर पाहिलं. एकोणीस होत्या. काड्या वीस होत्या, हेही त्यांनीच त्याच रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. पण एखादी लागली नसेल, असं त्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या पत्र्याच्या पिंपात सगळं जाळलं. आधी लहान एकोणीस, मग मोठं झाड, मुळासकट तुकडे करून. मॅडमचा सहायक काडी लावत होता. 'नष्ट करणाऱ्याचे नाव व पद' यापुढं त्यानं आपलं नाव आणि 'सहायक' असं लिहिलं. खाली आयातदाराची सही. ओलं लाकूड पेटत नव्हतं, धूर सगळ्या गल्लीत भरला, आणि उपेंद्र धुराकडे पाठ करून प्रपत्र वाचत उभे होते. ते प्रपत्र त्यांना पाठ होतं. शैलाताई स्टूल घेऊन आत गेल्या आणि त्या रविवारी इराचा फोन वाजत राहिला, तो दोघांपैकी कुणीच उचलला नाही.

मार्च उजाडला. भागुबाई जावेच्या मुलीच्या लग्नाला आणि पाठोपाठ शिमग्याला म्हणून महिनाभर पेठला होत्या. त्या परत आल्या, पदर खोचून भांड्यांना बसल्या आणि आतूनच ओरडून म्हणाल्या, "वैनी, दादाचं झाड पाड्यावर लागलं बघा. पाच पानं फुटली हायेत."

उपेंद्र पेपर वाचत होते. ते तीस वर्षांत पहिल्यांदा मागच्या गॅलरीत गेले.

विसावी काडी भागुबाईंची होती. हळदीकुंकवाच्या दिवशी त्या घरातच होत्या, कपबशा विसळत. फाटकातून आत आलेल्या नव्हत्या, तेव्हा पाहुण्यांच्या रजिस्टरमध्ये येण्याचा प्रश्नच नव्हता. बारा वर्षांत त्यांचं नाव त्या घरात कशावरच लिहिलेलं नव्हतं. शैलाताईंनी जाताना त्यांना कुंकू लावलं होतं आणि सगळ्यांत चांगली फुटलेली पिशवी हातात दिली होती.

"तुला माहीत होतं," उपेंद्र म्हणाले.

"हो," शैलाताई म्हणाल्या. "तुम्ही रजिस्टरला विचारलंत. मला नाही."

चौथ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "चल, बघून तरी येऊ." पिशवीत त्यांनी रजिस्टर घातलं. ते पाहून शैलाताईंनी ओठ आवळले आणि पेठच्या एसटीत खिडकीकडे तोंड करून बसल्या. पण त्यांना माहीत नव्हतं. उपेंद्रांनी रजिस्टर सवयीनं घेतलं होतं. झाड जाळायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. नोकरीची चौतीस अधिक निवृत्तीची दोन, छत्तीस वर्षांत त्यांनी असं काही पहिल्यांदाच ठरवलं होतं, आणि सावळ घाटाच्या वळणांवर ते मांडीवरची पिशवी घट्ट धरून बसले होते.

भागुबाईंचा पाडा पेठपासून दोन मैल आत. घरामागं मोठा उंबर, दोघांच्या कवेत न मावणारा, आणि त्याच्या बुंध्याशी काटक्यांच्या कुंपणात ते होतं. वीतभर उंच, पाच पानं, रुंद, जाड. शैलाताई तिथंच मातीत बसल्या. यावेळी त्यांना कुणी यादी विचारली नाही. त्यांनी एकेक पान तळव्यावर घेतलं.

"म्हातारा म्हनला, उंबराचीच जात हाय, उंबराच्या आसऱ्यानं लागंल," भागुबाई म्हणाल्या. त्यांचे मालक जयराम मागं उभे होते. शब्द मोजून बोलणारा माणूस. ते नुसते हसले.

उपेंद्र वाकले. खालच्या दोन पानांवर फिक्कट पिवळे ठिपके होते. त्यांनी ते पाहिले, शैलाताईंनी पाहिले, आणि उपेंद्रांनी पाहिलं हेही शैलाताईंनी पाहिलं.

"ऊन लागलंय," उपेंद्र म्हणाले. "पाणी कमी पडलं असेल."

शैलाताईंनी पान उलटून पाहिलं.

"इथं कोण येतंय बघायला? एकोणिसाची नोंद आहे, प्रकरण बंद झालंय. आपण इथं आलोच नाही असं धरू. राहू दे, शैला. एवढं एक राहू दे."

शैलाताईंनी मान वर करून उंबराकडे पाहिलं. मग जयरामना विचारलं, किती वर्षांचा आहे?

"माझ्या आज्याच्या आधीचा. कुऱ्हाड नाय लावत आमी त्याला. लग्नाला फांदी तेवढी नेतो. पाड्यातली समदी लग्नं त्या फांदीच्या मांडवातच. माझं बी, पोरींची बी."

शैलाताईंनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "अहो, माझं एक गेलं. म्हणून यांचं घालवू का?"

आणि त्यांनी बोटांनी माती उकरायला सुरुवात केली. हळूहळू, बाजूबाजूनं, एक मूळ तुटू नये अशा बेतानं. जाळायचंच होतं, तरी. झाड निघालं तेव्हा मुळांना पेठची तांबडी माती होती, आणि ती धुवायला कुणी सांगणारं नव्हतं.

भागुबाईंना आधी काही कळेना. शैलाताईंनी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला, मग उठून चार गोवऱ्या आणि आगपेटी आणली. उंबरापासून लांब, बांधापलीकडे रचलं. जयराम काडी ओढणार, तर शैलाताईंनी पेटी त्यांच्या हातातून घेतली आणि नवऱ्यापुढं धरली.

"तुम्ही लावा," त्या म्हणाल्या. "तिकडं त्याच्या वेळी कुणी बटण दाबलं, ते आपल्याला माहीत नाही."

पहिली काडी वाऱ्यानं विझली, दुसरी त्यांच्या हातानं. तिसरी मोडली. चौथी लागली. उपेंद्र रडले. दीड वर्षात पहिल्यांदा, मोठ्यानं, परक्याच्या बांधावर, आणि खिशात रुमाल आहे हेही त्यांना सुचलं नाही. शैलाताई त्यांचं कोपर धरून उभ्या राहिल्या. पानं आधी आक्रसली, मग काडी पेटली. वीतभर झाड ते, कितीसा वेळ लागणार.

निघताना भागुबाई धावत आल्या. त्यांच्या हातात मुळासकट काढलेलं उंबराचं रोप होतं. "दारात लावा, वैनी. रिकामं नका जाऊ."

शैलाताईंचा हात पुढं झाला होता. पण उपेंद्रांनी डोळे पुसले आणि मान हलवली. "नेता यायचं नाही, भागुबाई. निदान वर्षभर तरी नाही. हे या उंबराच्या सावलीतलं आहे. मी उद्या मॅडमना सगळं कळवतो, त्या येऊन उंबर बघतील. तोवर पानांवर लक्ष ठेवा. ठिपका दिसला की फोन करा."

भागुबाईंनी रोप परत नेलं.

मग उपेंद्रांनी ओसरीवर बसून रजिस्टर उघडलं. तारीख घातली. ठिकाण, मुक्काम पेठ. झाडे, एक. एकूण वीस. 'नष्ट करणाऱ्याचे नाव व पद' या रकान्यात त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं, पुढं सवयीनं 'आयातदार' लिहिलं, आणि थांबले. मग कार्यालयीन पद्धतीप्रमाणे त्या शब्दावर पट्टीनं मारावी तशी एकच सरळ रेघ मारली, खाडाखोडीशेजारी आद्याक्षरं घातली आणि लिहिलं, 'वडील'.

शैलाताईंनी वाचलं. साक्षीदाराच्या जागी सही करायला त्यांनी पेन मागितलं. चारची एसटी होती, ती पंचवीस मिनिटं उशिरा आली.